गवसणी

"बाय, अशी पिशवी शिवून दे, की हिच्यात काय आहे म्हणून कुणी विचारणार नाही."

उंबऱ्याबाहेर उभे राहूनच ते बोलले. साठीकडे झुकलेले, उंच, पाठीत किंचित वाकलेले. अंगात वॉचमनचा खाकी शर्ट होता, पण त्यावरचा बिल्ला उसवून काढलेला. काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. मी मशीनवर एका मृदंगाची गवसणी शिवत बसले होते. टीप अर्धी सोडता येत नव्हती, म्हणून तशीच म्हटलं, "आत या की काका. बसा."

एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. मिस्टर कारखान्यात शिफ्टला जायचे आणि मी घरी बसून पिशव्या शिवायचे. पावसाळा संपला की मोडक्या छत्र्या गोळा करायच्या, त्यांचं कापड उसवून धुवायचं, जुन्या गाद्यांच्या खोळी, सिमेंटच्या गोण्या, फाटकी गोधडी, जे मिळेल त्याचं काहीतरी करायचं. आसपासच्या भजनी मंडळांच्या पेट्यांना आणि मृदंगांना गवसण्या माझ्याच हातच्या असत. त्यामुळे कसलंही वेडंवाकडं सामान असलं की लोक म्हणत, हेमाताईकडे जा.

काका खाली बसले आणि त्यांनी चादर उलगडली. आत दोन तुकड्यांची धातूची दांडी, परातीवरच्या झाकणाएवढी एक काळी चकती, काटा असलेला छोटा डबा आणि कानाला लावायचे गोळे होते.

"हे काय?"

"जमिनीखालचं लोखंड, तांबं, काय असेल ते कळतं ह्याने. मुंबईला एका सर्व्हेवाल्या कंपनीत वॉचमन होतो मी. सुटलो तेव्हा साहेबांनी हे जुनं दिलं. बुजलेले पाइप शोधतात ह्याने."

"मग लपवायचं कशाला?"

"लोकांना वाटतं, गुप्तधन काढणारा आहे. चादरीत बांधून एसटीत चढलो, तर सगळी गाडी चौकशा करते. एकाने तर बंदूक आहे का म्हणून विचारलं. मग नवीन रेक्झिनची बॅग घेतली. तिच्याकडे पोलिसाचंच लक्ष गेलं. अर्धा दिवस बसवून ठेवलं चौकीत."

पटण्यासारखंच होतं. आमच्याकडे डोंगरात कुणी टिकाव घेऊन गेला, तरी गावात हंड्याच्या गोष्टी सुरू होतात. मी आणखी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या कामाची गंमत वाटायला लागली होती. आजवर लोक सांगत आले होते, पिशवी उठून दिसली पाहिजे. उठून दिसता कामा नये, असं सांगणारा हा पहिलाच.

"नवं कापड नको," मी म्हटलं. "नव्या पिशवीकडे माणूस बघतोच. आणि सगळं एका पिशवीत तर नकोच नको."

दांडीसाठी मी छत्रीच्या विटलेल्या काळ्या कापडाची लांब, अरुंद गवसणी बेतली. आतून गोधडीचं अस्तर लावलं, म्हणजे दांडीचे तुकडे एकमेकांवर वाजायचे नाहीत. तोंडाशी छत्र्यांच्या दोन जुन्या मुठी बाहेर डोकावतील अशा शिवून टाकल्या. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा घरच्या छत्र्या दुरुस्तीला घेऊन चाललाय. चकतीसाठी तांदळाच्या गोणीची बाजाराची पिशवी केली. तिच्या तळाशी चोरकप्पा ठेवला, आणि वर खुशाल कांदे टाका, भाजी टाका. कानाचे गोळे आणि डबा बसला जुन्या ॲल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात. पट्टा गादीच्या खोळीच्या पट्ट्यांचा केला, मुद्दाम एका जागी वेगळ्या रंगाचं ठिगळ लावून.

काका शेवटपर्यंत माझ्या हातांकडे बघत बसले होते. चहा दिला तो त्यांनी बशीत ओतून प्यायला. पिशव्या झाल्यावर मी म्हटलं, "जरा गल्लीतून फेरी मारून या."

ते खांद्याला गवसणी आणि हातात पिशवी घेऊन निघाले. आमच्या गल्लीत अलकामावशी म्हणून होत्या. त्यांच्या नजरेतून मांजर सुटत नसे. त्या ओट्यावरूनच ओरडल्या, "छत्रीवाले, आमची पण एक तार तुटलीय, बघता का?"

काका परत आले तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू असेल असं मला वाटलं होतं. नव्हतं. त्यांनी कनवटीचे पैसे काढले. मी नुसती मजुरी घेतली, कारण कापड तर सगळं टाकाऊच होतं. जाताना उंबऱ्यात थांबून ते म्हणाले, "चांगलं काम केलंस गो बाय. चांगल्या कामाला येईल ते."

त्यांचं नाव मी विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी माहेरी निघाले. माहेर म्हणजे करंजगणी. तशी करंजगणी आता राहिली नव्हती. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात, आषाढात, भर दुपारी वाडीमागचा डोंगर खाली आला होता. अर्धी वाडी त्याखाली गेली. माझा भाऊ अनंत गेला. तो सापडला, निदान त्याला अग्नी तरी देता आला. त्याची मुलगी सायली, चार वर्षांची, ती सापडलीच नाही. वहिनी तेवढी वाचली, कारण ती रेशनच्या दुकानावर मोठ्या गावात गेली होती. उरलेल्या माणसांना सरकारने रस्त्याच्या पलीकडे पत्र्याच्या शेड बांधून दिल्या होत्या. सुगंधावहिनी तिथे एकटी राहायची. महिन्या-दीड महिन्याने मी जाऊन यायचे.

एसटी बाजाराच्या दिवशी भरते तशी भरलेली होती. मी मागच्या दाराशी उभी होते. वळणावर गाडी कलली, तेव्हा पुढे सामानाच्या फळीवरून गादीच्या खोळीचा पट्टा लोंबताना दिसला. त्यावर माझं ठिगळ होतं. त्याच्याखाली खाकी शर्ट बसला होता.

कंडक्टर तिथून कितीदा गेला, एका बाईने आपलं गाठोडं त्या गवसणीवर टेकवून ठेवलं, तरी कुणी विचारलं नाही. अख्ख्या गाडीत ती पिशवी माझ्या एकटीच्या नजरेला पडली होती. मला मनातून बरंच वाटलं. पुढे जाऊन हाक मारावी असंही आलं मनात. एवढ्यात करंजगणी फाटा आला आणि काका उठले.

करंजगणी फाट्यावर आता कुणी उतरत नव्हतं. शेड पुढच्या थांब्यावर होत्या. या फाट्यावरून एकच वाट जाते, आणि ती त्या मातीकडे जाते.

दरड कोसळली त्या साली, पाऊस उघडल्यावर, रात्रीचे काही लोक मशीन घेऊन तिथे आले होते. मेलेल्या बायकांच्या अंगावरचं सोनं काढायला. वाडीतल्या माणसांनी त्यांना धरलं आणि इतकं मारलं, की आमचे पोलीसपाटील भिकूकाका, त्यांनाच मध्ये पडून सोडवावं लागलं. तेव्हापासून वाडीने ठरवलं होतं, त्या मातीत कुणी पाऊल टाकायचं नाही. आपलं माणूस आत असलं तरी नाही. गावदेवीपुढे नारळ ठेवून सगळ्यांनी शब्द दिला होता. मी सासुरवाशीण, तरी मीही हात जोडले होते.

आणि आता तसलंच मशीन तिथे चाललं होतं. ते नजरेआड करणारी पिशवी माझ्या हातची होती.

मी दार उघडायला लावलं आणि उतरले.

ते बरेच पुढे गेले होते. वाट चढणीची होती, दोन्हीकडे कारवी माजलेली. मी धावत जाऊन गाठलं. "थांबा," मी म्हटलं.

त्यांनी वळून बघितलं आणि मला ओळखलं. चेहरा उतरला.

"ही वाट पाइपाकडे जात नाही काका."

"बाय, तू इथे कशी?"

"माझं माहेर आहे हे. वर त्या मातीत माझा भाऊ गेला. भाची अजून आतच आहे. तुम्हाला लाज नाही वाटली? मेलेल्यांच्या गळ्यातलं काढायला निघालात, आणि पिशवी माझ्याकडून शिवून घेतलीत!"

खांद्यावरची गवसणी त्यांनी खाली ठेवली आणि वाटेतल्या एका दगडावर बसले.

"मी ओरडले ना, तर रस्त्यापलीकडची सगळी वाडी येईल," मी म्हटलं.

"नको ओरडू. मला माराची भीती नाही. पण मशीन फोडतील ते. मग दुसरं मिळायचं नाही मला."

"सोनं एवढं प्यारं आहे?"

"सोनं नाही गो. लोखंड." त्यांनी आपल्या उजव्या पायावर मांडीपासून घोट्यापर्यंत हात फिरवला. "इथून इथपर्यंत दोन सळया. खाली बूट. वर चामड्याचे पट्टे. मुंबईच्या इस्पितळात बनवून घेतलं होतं मी. लहानपणी पोलिओ झालेला तिला."

मी बघतच राहिले. करंजगणीच्या बालवाडीत एक बाई होती. खाडीपलीकडची होती म्हणत. शाळेशेजारच्या खोलीत एकटी राहायची. माहेरी गेले की दुरून दिसायची, पाय ओढत पोरांच्या घोळक्यातून चाललेली. आमच्या सायलीला तिचा फार लळा होता.

"बाई? तुम्ही बाईचे..."

"बाप."

"पण बाई तर त्या दिवशी दुपारच्या गाडीने गेली! सगळी वाडी सांगते. निळ्या साडीतली बाई फाट्यावर बघितली होती कुणीतरी."

"असेल कुणीतरी निळ्या साडीतली. माझी पोर नव्हती. त्या गाडीचा कंडक्टर मी शोधून काढला. तो म्हणाला, लोखंडी पायाची बाई मला पक्की ठाऊक आहे, तिला चढायला मीच हात देतो, त्या दिवशी ती आली नव्हती." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "ऑफिसात गेलो. ते म्हणाले, ती दरडीत गेली असं कुणीच सांगत नाही, मग आम्ही तसं लिहायचं कसं? बेपत्ता म्हणून लिहिलंय. आमच्या गावात लोक काय बोलतात ते तुला सांगवत नाही मला. लंगडी होती, तरी कुणीतरी मिळाला म्हणतात. तोंडावर म्हणतात."

"मग आमच्या वाडीत येऊन सांगायचं ना. माणसं आहेत ती पण."

"आलो होतो ना. शेडवर आलो होतो. मी बाईचा बाप, एवढंच म्हटलं, तर एका बाईने दगड उचलला. तुझ्या पोरीने माझ्या पोरीला मरायला टाकलं आणि आपण पळाली, असं म्हणाली. तिचं ते रडणं ऐकलं, आणि मी मागच्या मागे फिरलो. तिच्याशी मी काय भांडणार होतो?"

ती बाई कोण होती, हे मला सांगायची गरज नव्हती. सुगंधावहिनीच्या तोंडून ते वाक्य मी कितीदा ऐकलं होतं. ती अनंतासाठी रडायची, आणि बाईला शिव्याशाप द्यायची. मलाही तेव्हा ते खरंच वाटायचं.

मग मी बाजाराची पिशवी उचलली.

"चला," मी म्हटलं.

"तू नको येऊ. तुझं माहेर तुटेल."

"मी बरोबर असले तर कुणी हटकणार नाही. शाळा कुठे होती ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

त्यांना माहीत नव्हतं. तोवरच्या खेपांना ते वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत शोधत राहिले होते. मी त्यांना खाली नेलं, पऱ्याच्या, वाडीतल्या ओढ्याच्या काठाला. या वर्षीच्या पावसात पऱ्याने आपली वाट बदलली होती आणि तिथला ढिगारा कापून नेला होता. पुरुषभर उंचीची तांबडी दरड उभी राहिली होती, आणि तिच्या पायथ्याशी माती पातळ झाली होती. त्याच अंगाला, थोडं वर, बालवाडीची खोली होती.

त्यांनी मशीन जोडलं, कानाला गोळे लावले आणि चकती जमिनीवरून ओवाळल्यासारखी फिरवायला सुरुवात केली. मी त्यांच्या पिशवीतलं खुरपं घेऊन मागे. ते थांबत, बोट दाखवत, मी उकरत असे. पत्र्याचे खिळे निघाले. विळा निघाला. कुणाच्या तरी दाराचं कुलूप निघालं, लावलेलंच. एक पितळी तांब्या निघाला, आणि त्यावरचं नाव मी मातीतून बोटाने पुसून वाचलं. आमच्या शेजारच्या काकूंचा होता. मी तो होता तिथे परत ठेवला आणि माती सारली. काकांनीही कशाला हात लावला नाही. प्रत्येक वेळी ते खाली वाकून बघत आणि मान हलवून पुढे होत.

एकदा मंगळसूत्राच्या वाट्या निघाल्या. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी गोळे कानावरून काढले, हात जोडले, आणि माझ्याआधी स्वतःच माती लोटली.

त्या दिवशी काही सापडलं नाही. मी शेडवर वहिनीकडे मुक्कामाला गेले आणि गप्प राहिले. काका खालच्या गावच्या देवळात झोपले. सकाळी पुन्हा आम्ही तिथे गेलो.

उन्हं चढली तेव्हा ते दरडीच्या अगदी पायथ्याशी होते. चकती एका जागी थांबली. त्यांनी ती उचलून दुसऱ्या बाजूने आणली. पुन्हा तिथेच थांबली. मग त्यांनी दांडीनेच जमिनीवर एक लांब रेघ ओढली, हातभर लांबीची.

"लांब आहे काहीतरी," ते म्हणाले.

खुरपं मी टाकून दिलं. आम्ही दोघांनी हातांनी माती काढली. आधी चामड्याचा पट्टा दिसला, काळा पडलेला, बक्कल गंजलेलं. मग एक सळी. मग दुसरी. सळया सरळ नव्हत्या. गुडघ्याच्या जागी दुमडलेल्या होत्या.

काका उकिडवे बसले. ओरडले नाहीत की रडले नाहीत. "हिला बसता येत नसे असं," एवढंच म्हणाले. "गुडघ्याची कडी सोडावी लागे. जमिनीवर बसायची, तर आधी कडी सोडायची. उठायची, तर लावायची." त्यांनी बोटाने त्या कडीवरची माती काढली. कडी सोडलेली होती.

बसली होती ती. पळणारी माणसं कड्या लावतात.

मी पुढे हात घातला आणि माझ्या बोटांना काहीतरी बारीक लागलं. काढून बघितलं तर छोटंसं चांदीचं पैंजण, घुंगरू मातीने भरलेलं. त्याच्याच आत, त्या दुमडलेल्या पायाच्या कुशीत, दुसरं होतं. आणि आणखी जे होतं, ते इतकं लहान होतं, की आधी मला काटक्याच वाटल्या.

काकांनी पैंजण माझ्या हातातून घेतलं, फिरवून बघितलं. "हे माझ्या पोरीचं नाही."

"नाही," मी म्हटलं. "आमच्या सायलीचं आहे. बारशाला मीच घातलं होतं, वाढत्या मापाचं."

मला पुढचं नीट आठवत नाही. मी रस्ता ओलांडून शेडवर गेले, तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत तांबडे होते. भिकूकाका ओट्यावर बसले होते. माझ्या हातांकडे बघून त्यांना सगळं कळलं.

"मातीत गेलीस? माहेरवाशीण असून? देवीपुढे शब्द दिला होतास ना हेमा?"

"दिला होता भिकूकाका. मग काय ती शिक्षा द्या. आधी चला. वहिनीलाही बोलवा."

वहिनी दारातच उभी होती. कोण सापडलं म्हणून तिने विचारलं नाही. पायात चप्पल न घालता ती चालायला लागली, आणि आम्ही तिच्यामागून.

बाईंचे वडील खड्ड्यापाशी तसेच बसून होते. वहिनीला बघून ते उठले, चार पावलं मागे सरले. दगडाची आठवण झाली असावी. वाडीतली आणखी माणसं येऊन काठावर उभी राहिली, पण खाली कुणी उतरलं नाही.

वहिनी खड्ड्याच्या कडेला बसली. हात कशालाच लावला नाही. नुसती बघत राहिली. लोखंडी पाय कसा दुमडला आहे, त्याच्या आत काय आहे, पैंजणं कुठल्या दिशेला आहेत. आई जसं झोपलेल्या पोराचं पांघरूण बघते, तसं तिने ते सगळं नजरेने चाचपलं. मग तिला कळलं. कळलं तो क्षण आम्ही सगळ्यांनी बघितला. तिचे खांदे खाली आले.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली आणि काकांना विचारलं, "नाव काय हो बाईंचं?"

काठावरच्या माणसांत कुजबुज झाली. खरंच, कुणालाच ठाऊक नव्हतं. चार वर्षं ती आमची पोरं सांभाळत होती, आणि सगळे तिला बाईच म्हणत.

"वैजयंती," काका म्हणाले. "वैजयंती गुणाजी शिगवण. घरात वैजू म्हणायचो."

"वैजू," वहिनी म्हणाली. मग उठून ती त्यांच्यापाशी गेली आणि खाली वाकली. पाया पडायला. काकांनी तिला मध्येच धरलं, आणि तेव्हा मात्र तो म्हातारा माणूस ढसाढसा रडला. भिकूकाकांनी टोपी काढली.

पंचनाम्याला सरकारी माणसं आली. त्यांच्यातला एकजण दोन वेगवेगळी कापडं अंथरू लागला. मोठ्या हाडांचं एक, लहान हाडांचं एक. त्याचं काम ते. पण वहिनी मध्ये उभी राहिली.

"वेगळं करू नका."

"ताई, नियम असतो. दोन माणसं आहेत ही."

"आहेत ना. त्यांनी एकमेकींना सोडलं नाही. तुम्ही कोण सोडवणारे?"

तो माणूस चांगला होता. त्याने भिकूकाकांकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, आणि एक कापड घडी करून ठेवलं.

तपासणी होऊन सगळं परत मिळायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत शिगवणकाका आमच्याच शेडवर राहिले. आधी देवळात जायचे म्हणत होते, पण वाडीने जाऊ दिलं नाही. कुणाकडे दुपारी, कुणाकडे संध्याकाळी, पोरीबाळींनी त्यांना जेवायला नेलं. ते कमी बोलायचे. लोक मात्र येऊन त्यांच्यापाशी बसायचे आणि बाईंच्या गोष्टी सांगायचे. आमच्या पोराला अक्षर लावलं, आमच्या पोरीला ताप होता तर रात्रभर बसली होती. आधी या गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या, कारण बाई पळून गेली असं सगळ्यांनी धरलं होतं. मी त्यांना ऐकताना बघायचे. ते मान खाली घालून एकेक शब्द ऐकत. निळ्या साडीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मला काही शिक्षाही झाली नाही. भिकूकाका एवढंच म्हणाले, की देवीला मी सांगतो काय ते.

नदीकाठी चिता एकच रचली. अनंत नव्हता, आणि वाडीतले कितीतरी पुरुष पुढे झाले, पण वहिनीने काकांच्या हातात अग्नी दिला. "दोघींनाही तुम्हीच द्या," म्हणाली.

अस्थी एकाच मडक्यात भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काका जायला निघाले. मडक्याकडे त्यांनी बघितलं आणि अवघडून उभे राहिले. त्यांच्या बायकोच्या अस्थी खाडीत सोडलेल्या होत्या, वैजूलाही तिथेच न्यायचं त्यांच्या मनात होतं. पण मागायचं कसं? मडक्यात दुसऱ्याचंही लेकरू होतं.

"मूठभर देशील काय गो बाय?" ते वहिनीला म्हणाले. "तेवढ्याने तिच्या आईजवळ जाईल ती."

वहिनीने मडकं उचललं आणि त्यांच्या हातात दिलं, अख्खं.

"आणि तुझी पोर?"

"ती माझ्याशिवाय कुणाकडे जात नसे. बाईंकडे जायची. जाऊ दे तिला." मग जरा थांबून म्हणाली, "मी येते पोचवायला."

आम्ही सगळे थांब्यापर्यंत गेलो. एसटी आली. गर्दी नव्हती. काका खिडकीशी बसले, मांडीवर मडकं घेऊन, आणि वहिनी त्यांच्या शेजारी. गाडी सुटायच्या आधी मी खिडकीखाली उभी होते. पदर सारखा करून वहिनी त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "लहानपणी कशी होती हो वैजू? सांगा ना मला."

काकांनी तिच्याकडे बघितलं. दीड वर्षात हे त्यांना कुणी विचारलं नसावं. त्यांनी घसा साफ केला आणि काहीतरी सांगायला सुरुवात केली. एवढ्यात गाडी हलली. वळणापर्यंत मला खिडकी दिसत होती. ते बोलत होते, आणि वहिनी ऐकत होती.